खोड्यातला फितूर

सासूबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर किनाऱ्यावरचे किल्ले बघायचा बेत आखला. आयुष्यभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढली. "खडूनं काढलेले बुरूज पुरे झाले, आता दगडाचे बघू," असं त्या म्हणाल्या आणि घरात पुढे चर्चा झाली नाही. मुलाला गाडी चालवायला बसवलं, नवऱ्याच्या हातात नकाशा दिला आणि सुनेला मागच्या सीटवर आपल्या शेजारी घेतलं.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. या घरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. घर तिला आवडायचं. वेळेवर जेवण, कपाटात घडीचे कपडे, भांडणसुद्धा हळू आवाजात. पण अजून ती तिथे पाहुण्यासारखीच बसायची, खुर्चीच्या कडेवर. कारण ती वाढली होती ती अगदी वेगळ्या जागी. आईवडील लहानपणीच गेले आणि मामानं तिला सांभाळलं. मामा नट होता, लग्न केलेलं नव्हतं, बिऱ्हाड कायम नाटकाच्या गाडीबरोबर. रंगपटात, पोशाखांच्या पेटाऱ्यावर झोपून ती मोठी झाली. ज्या हातांनी मामा स्वतःच्या ओठांवर राजाच्या मिशा चिकटवायचा, त्याच हातांनी तो शाळेच्या वेळी तिची वेणी घालायचा. वेणी वाकडी व्हायची. मिशी मात्र कधीच नाही.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "मामा काय करतात?" मामानंच पुढे होऊन, छाती भरून सांगितलं होतं, "नाट्यसंस्थेचा संचालक आहे." ते खरंही होतं. फक्त संस्थेत संचालक, मुख्य नट आणि पडदा ओढणारा हे तिन्ही एकच होते. लग्नात तो भाड्याचा काळा कोट घालून इतक्या रुबाबात वावरला, की नवऱ्याकडच्या मंडळींना तोच कुणीतरी मोठा माणूस वाटला.

पुढे नाट्यगृहाच्या जागी फर्निचरचं दुकान आलं आणि संस्था बसली. मामा किनाऱ्याकडे निघून गेला. फोनवर म्हणाला, "ऐतिहासिक वास्तूंच्या एका प्रकल्पावर सल्लागार म्हणून घेतलंय मला." तिला मामाच्या बोलण्यातली भर ओळखता यायची. या वाक्यातली तर लगेच ओळखू आली. पण तिनं खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं कळलं असतं, आणि ते मग घरी सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा 'सल्लागार' हा शब्द तिनं जसाच्या तसा सासरी आणून ठेवला. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेचे मामा किल्ल्यांचे सल्लागार आहेत." ती चहा ओतत ऐकून घ्यायची.

सहलीचं ठरल्यावर सासूबाई साहजिकच म्हणाल्या, "मग मामांनाही भेटू या की!"

तिनं मामाला फोन केला. त्यानं आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "अगं बारके, नेमका तेव्हा मी राजधानीत. मोठी बैठक आहे. पण तुम्ही खाडीच्या तोंडावरचा किल्ला बघा, समुद्रातला तर बघाच. त्यापुढचा तिसरा सोडून द्या. तिथे काही राहिलं नाही, नुसता बाजार मांडलाय."

तिनं ते तसंच घरी सांगितलं, आणि तिला हायसं वाटलं.

पहिले दोन किल्ले छान झाले. खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्यात वारा इतका की सासऱ्यांच्या हातातला नकाशा उडाला आणि तटाखाली दगडांत जाऊन पडला. सासरे जन्मभर जहाजाच्या इंजिनांवर काम केलेले, बोलायला कंजूष. "गेला तो गेला. समुद्र डाव्या हाताला ठेवला की झालं," एवढंच म्हणाले. समुद्रातल्या किल्ल्यावर होडीनं जाताना सासूबाईंना मळमळलं, पण पायरीवर पाऊल ठेवताच त्यांच्यात मुख्याध्यापिका जागी झाली. तिथल्या मार्गदर्शकाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो बिचारा शेवटी त्यांचंच ऐकत उभा राहिला. सून हसली, नवराही हसला. गोड्या पाण्याच्या हौदाच्या काठावर बसून चौघांनी डब्यातलं खाल्लं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती आपणहून सासूबाईंच्या खांद्याला टेकून बसली.

परतीच्या रस्त्यावर तिसऱ्या किल्ल्याचा भला मोठा फलक दिसला: जिवंत इतिहास पाहा! त्यावर भालाईत, तोफा, घोडे. सासूबाई म्हणाल्या, "थांब, थांब, गाडी वळव."

"मामा म्हणाला होता, तिथे काही नाही," सून म्हणाली.

"सल्लागार लोकांना असली करमणूक आवडायची नाहीच. आपण काही सल्लागार नाही. वळव रे."

हा किल्ला एका कंपनीनं चालवायला घेतला होता. खंदकावरचा पूल रंगवलेला, दारात चिलखत घातलेली मुलगी तिकिटं फाडत होती. आतल्या चौकात लाउडस्पीकरवर नगारे वाजत होते. चौकाच्या मधोमध उंच ओटा, ओट्यावर लाकडी खोडा. दोन जाड फळ्या, त्यांना तीन भोकं. मधल्या भोकातून एका माणसाची मान बाहेर आलेली, बाजूच्या दोन्ही भोकांतून हात. डोक्यावर जटांचा टोप, तोंडाला काजळी, अंगात गोणपाटाचा सदरा. खाली पाण्यानं भरलेली बादली आणि तिच्यात स्पंजचे गोळे.

"हाच तो फितूर!" माईकवाला ओरडत होता. "यानंच शत्रूला चोरदरवाजा उघडून दिला! द्या शिक्षा! लहानांनी जवळून मारा, मोठ्यांनी रेषेमागून!"

लोक ओले गोळे फेकत होते. गोळा लागला की फितूर विव्हळायचा, शिव्याशाप द्यायचा, एखाद्याचा नेम चुकला की म्हणायचा, "अरे, एवढाच नेम असता तर शत्रूला दरवाजाची गरजच पडली नसती!" लोक खदखदून हसत होते.

तिनं आधी ऐकला तो आवाज. चेहरा नंतर पाहिला. शेवटच्या रांगेपर्यंत, माईकशिवाय, शब्द न् शब्द पोहोचवणारा तो आवाज. झोपताना गोष्टी सांगणारा, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना मुद्दाम राक्षसासारखा बोलणारा.

'चला, पुढे जाऊ या' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर सासूबाई रेषेपाशी पोहोचल्या होत्या.

"फितुरांना अशीच शिक्षा व्हायला हवी," म्हणत त्यांनी बाही सरसावली आणि गोळा फेकला. तो मामाच्या कानावर बसला. मामा कळवळला, ते नाटकातलं होतं की खरं, तिला कळलं नाही. मग नवऱ्यानं फेकला, तो कपाळावर. सासऱ्यांच्या हातातही कुणीतरी गोळा दिला. त्यांनी ओट्याकडे जरा वेळ पाहिलं, गोळा पुन्हा बादलीत ठेवला आणि म्हणाले, "माझा खांदा दुखतोय."

"मग तू मार गं," सासूबाई सुनेच्या हातात गोळा देत म्हणाल्या. "बघू तुझा नेम. रोज लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस ना!"

गोळा गार होता. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मामानं पापण्यांवरचं पाणी झटकलं, नवं गिऱ्हाईक कोण म्हणून समोर पाहिलं, आणि त्याला ती दिसली.

तो बोलता बोलता थांबला. साऱ्या आयुष्यात रंगमंचावर एकही वाक्य न विसरलेला माणूस वाक्याच्या मध्ये थांबला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. आता ती काहीही म्हणू शकत होती. 'अरे मामा!' इतकं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पुढचं सगळं त्यानंच सावरून नेलं असतं, हसवून हसवून. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. नवरा मोबाइलवर तिचा फोटो काढायला सरसावला होता. चारी बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते, "मारा! मारा!"

तिनं गोळा फेकला.

तो मामाच्या तोंडावर बसला. उघड्या तोंडात पाणी गेलं, त्याला ठसका लागला, खोड्याच्या फळ्या खडखडल्या. मग त्यानं पाण्याची चूळ बाजूला थुंकली आणि चौक दणाणून जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा बाईसाहेब! फितुराचं तोंड कसं बंद करावं, ते तुमच्याकडून शिकावं!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सासूबाईंनी तिची पाठ थोपटली.

उपाहारगृहात बसल्यावर नवरा फोटो दाखवायला लागला. सासूबाई चहाचा घोट घेत म्हणाल्या, "तो माणूस मात्र कसलेला होता हं. काय शब्दफेक! असल्या कामात फुकट गेला बिचारा."

"हो ना," ती म्हणाली.

हे दोन शब्द गोळ्यापेक्षाही वाईट होते. गोळा फेकायला निदान बाकीच्यांचा आरडाओरडा तरी होता. 'हो ना' म्हणायला कुणी भाग पाडलं नव्हतं. गरम होतंय असं सांगून ती उठली आणि तटावर गेली.

समुद्र खाली दगडांवर आपटत होता. थोड्या वेळानं सासरे काठी टेकत आले आणि शेजारी उभे राहिले.

"लग्नात जेवायला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "जहाजाच्या भोंग्याची नक्कल करून दाखवली होती त्यांनी मला. तो आवाज मी विसरणार आहे होय?"

ती तटाच्या दगडाला धरून उभी राहिली. कानाच्या पाळ्यांपर्यंत तिला ऊन लागल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्ही मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील. तुझा माणूस. आपण मध्ये कसं पडायचं?" ते थांबले. "खांदा दुखतो म्हणालो. काही दुखत नव्हता. तेव्हा मीही काही फार मोठं केलं नाही."

तिला रडू आलं. सासऱ्यांनी तिला थोपटलं वगैरे नाही. फक्त म्हणाले, "जाऊन ये. तुझ्या सासूला मी तलवारींच्या दालनात नेतो. तिथून ती लवकर हलायची नाही."

जुन्या दारूकोठारात कंपनीनं कलाकारांची खोली केली होती. दार उघडंच होतं. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला भाले, दोरीवर ओले सदरे. मामा अंगाभोवती टॉवेल गुंडाळून हीटरपुढे बसला होता आणि गुडघ्यावर जटांचा टोप ठेवून तो पिळत होता. टोपाखालचे त्याचे स्वतःचे केस फार विरळ झाले होते. एक कान लाल होता.

"ये बारके," तो लगेच म्हणाला, जणू ती ठरवून भेटायला आली होती. "नेम चांगला आहे तुझा. लहानपणी तुझी पेन्सिल दप्तरात पडायची नाही, आणि आज बघ!"

"मामा, असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? बस. ती खुर्ची ओली आहे, ही घे. बैठक आटपून आलो बघ राजधानीतून." तो स्वतःच्याच विनोदावर हसला, पण हसू मध्येच संपलं.

ती बसली नाही. "मला माफ कर. मी... मला सुचलंच नाही काही."

"सुचलं नाही कसं? चांगलं सुचलं." तो टोप पिळत राहिला. "अगं, फेकलंस त्याचं काही नाही. दिवसभर लोक फेकतातच. पोरं तर काय, आत खडा घालून फेकतात कधीकधी. पण तू फेकण्याआधी थांबलीस ना, तेव्हा मला वाटलं, आता ही हाक मारणार. मी तयारसुद्धा झालो होतो. म्हटलं, हिनं हाक मारली की असं काहीतरी बोलायचं, की हिच्या सासरची माणसं हसून लोळली पाहिजेत. वाक्य जुळवलं होतं मी."

"काय वाक्य?"

"आता नाही आठवत," मामा म्हणाला. पण त्याला आठवत होतं, हे तिला दिसलं.

ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. "चल माझ्याबरोबर. ओळख करून देते सगळ्यांशी. असाच चल."

मामानं हीटरकडे पाहिलं. "आज नको. तुझ्यासाठी म्हणत नाही, माझ्यासाठी. त्यांच्या मनात मी कोटातला आहे. तसाच राहू दे थोडे दिवस. खोटं मीच आधी बोललो ना तुझ्याशी. सल्लागार! सल्ला देतो खरा मी इथे. पाणी गरम घाला, एवढा सल्ला रोज देतो, कुणी ऐकत नाही."

"बरं," ती म्हणाली.

आणि 'बरं' म्हणताना तिला सुटल्यासारखं वाटलं. अगदी क्षणभर, छातीवरचा दगड कुणीतरी उचलावा तसं. त्या सुटण्याचीच मग तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली. मामानं ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं असणार, कारण तो नटच. त्यानं टोप डोक्यावर चढवला आणि म्हणाला, "जा आता. माझी वेळ होत आली."

ती बाहेर आली. गाडीतळापर्यंत चालत गेली. बाकीचे तिघे गाडीपाशी उभे होते. सासूबाई तलवारींबद्दल काही सांगत होत्या. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काही न सजवता म्हणाली, "आई, तो खोड्यातला माणूस माझा मामा आहे. मी त्याला तेव्हाच ओळखलं होतं."

सासूबाईंना आधी ते नीट कळलंच नाही. "कोण? कुठला मामा?" मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. "मी त्यांच्या कानावर मारलं!"

"हो."

"आणि तू बघत उभी होतीस?"

तिनं मान खाली घातली. नवऱ्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यादेखत तो फोटो पुसून टाकला.

सासूबाई मागे वळल्या आणि तरातरा पुलाकडे निघाल्या. बाकीचे मागोमाग. चौकात पुढचा खेळ सुरू झाला होता. मामा पुन्हा खोड्यात होता, माईकवाला ओरडत होता, गोळे उडत होते. सासूबाई गर्दीतून वाट काढत रेषेपाशी गेल्या, रेषा ओलांडली आणि सरळ ओट्यावर चढल्या. लोकांना वाटलं, बाई जवळून मारणार. एकच हशा झाला.

"मामा," त्या म्हणाल्या. वर्गात बोलायचा त्यांचा आवाज, पण आज त्याला कंप होता. "मी ओळखलं नाही तुम्हाला. मी तुमच्यावर हात उचलला. मला क्षमा करा."

मामाची मान फळीत अडकलेली. त्याला ना वाकता येत होतं, ना तोंड फिरवता येत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून काजळीचं पाणी हनुवटीवर आलं होतं. तो एवढंच म्हणाला, "बाई, हात अडकलेत हो, नाहीतर मी हात जोडले असते. खाली जा तुम्ही. लोक बघताहेत."

लोक बघतच होते. त्यांना हा खेळाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली, आणि मागून एक गोळा येऊन सासूबाईंच्या खांद्यावर फुटला. त्या हलल्या नाहीत. सासऱ्यांनी वर जाऊन त्यांना दंडाला धरून खाली आणलं.

सून रेषेमागेच उभी राहिली होती. ओट्यावर जायला हवं होतं ते तिनं. हे तिला कळत होतं, आणि तरी पाय उचलला नव्हता.

चौघं गाडीत बसली, किल्ला मागे पडला. मग सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांना मारलं, त्याचं तर वाईट वाटतंच. पण माणूस कुठल्या कामावर आहे यावरून मी तुला कमी लेखीन, असं तुला वाटलं. असं वाटण्यासारखं मी काय वागले, तेवढं सांग."

खरं तर सासूबाई कधीच तसं वागल्या नव्हत्या. तिनंच त्यांना मनातल्या मनात तसं ठरवून टाकलं होतं.

पुढे सासूबाईंनी स्वतः फोन करून मामाला घरी बोलावलं. तो आला, दोन दिवस राहिला. कोट घालून आला होता. सासऱ्यांना त्यानं जहाजाचा भोंगा पुन्हा ऐकवला. सासूबाईंना किल्ल्यावरच्या गमती सांगितल्या, त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. ज्याला कळत नव्हतं त्याला सगळं पूर्ववत झाल्यासारखं दिसलं असतं. तो निघताना तिनं त्याच्यासाठी घेतलेला लोकरीचा जाड सदरा दिला. "आतून घाल, खेळाच्या वेळी," ती म्हणाली. त्यानं तो उलटून पालटून पाहिला, मऊ आहे म्हणाला आणि पिशवीत ठेवला.

आता त्याचा फोन दर आठवड्याला येतो. पूर्वी तिनं फोन उचलला की तो नाटकातल्या राजासारखा गरजायचा, तिला मोबाइल कानापासून लांब धरावा लागायचा. आता आधी हळूच विचारतो, "बारके, जवळ कुणी आहे का? बोलू का?"

"सगळे आहेत मामा. बोल की. मोठ्यानं बोल," ती म्हणते.

तो बोलतो. पण पुढच्या वेळी फोन आला की पुन्हा आधी तेच विचारतो.